कोरी काठी

सेव्हेरिन विसेनने उत्तर न दिलेली पत्रं आयुष्यात तशी तीन-चार होती; पण छळलं ते एकानेच. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ते झूग शहरातून आलं होतं, त्याच्या भाचीचं, नोएमीचं. शाईने, हाताने लिहिलेलं. दिवसभर संगणकापुढे बसणारी पोरगी मामाला लिहायचं म्हणून शाईचं पेन विकत घेते, हे त्याच्या मनाला इतकं लागलं की उत्तरही तेवढंच चांगलं असायला हवं असं त्याने ठरवलं. तिथेच सगळं बिघडलं.

'प्रिय मामा,' तिने लिहिलं होतं, 'आपल्या पाटाचे नियम मी संगणकात उतरवते आहे. तुम्ही टाइप केलेली वही समोर आहे. तिच्यात एक चूक सापडत नाही. फक्त चौदाव्या कलमापाशी अडखळते. हंगामात तीन पाळ्या चुकल्या की त्या घराचं पाणी सामाईक होऊन इतरांत वाटलं जाईल, एवढंच लिहिलं आहे. आपली माणसं एवढी कठोर होती? त्यात आणखी काही होतं का? ठाऊक असेल तर जरूर कळवा. एकदा हे दहा घरांच्या हाती गेलं की मलासुद्धा ते एकटीने बदलता येणार नाही.'

आणखी काही होतं, हीच तर अडचण होती.

गावच्या शाळेत मास्तरकी करता करता सेव्हेरिन तीस वर्षं पाटाच्या मंडळाचा चिटणीस होता. एकोणीसशे एकोणऐंशी साली त्याने मंडळाची जुनी हस्तलिखित वही टाइप करून काढली. चौदाव्या कलमाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने दोन वाक्यं लिहून ठेवली होती: 'कोरी काठी टांगली असेल तर ते घर हजर समजावे. पाणी कोणी दिले हे विचारू नये.' सेव्हेरिन तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि नीटनेटकेपणाचं त्याला वेड होतं. समासातला मजकूर, तोही पेन्सिलीने, खाली सही नाही. आणि 'कोणी दिले हे विचारू नये' हे कसलं कलम? त्याने ती दोन वाक्यं गाळली. पुढे पुरात चर्चचं तळघर भरलं आणि जुन्या वहीचा लगदा झाला. उरली ती सेव्हेरिनची, एकही चूक नसलेली वही.

उत्तराचे त्याने अकरा मसुदे केले. एक नऊ पानांचा झाला आणि त्यात खोऱ्यातल्या सगळ्या पाटांचा इतिहास आला. एक इतका छोटा झाला की तार वाटावी. एकात त्याने आपली बाजू मांडली आणि वाचून त्यालाच स्वतःची शरम वाटली. तोवर उन्हाळा आला, दहा घरांच्या सभेत हात वर झाले, पाटावरच्या पाणी अडवणाऱ्या लाकडी फळ्यांना मोटारी बसल्या, आणि आता लिहून काय उपयोग, असं म्हणायची सोय झाली. पत्र त्याने शब्दकोशात घालून ठेवलं.

आणि आज, जुलैच्या तिसऱ्या रविवारी, त्याच चौदाव्या कलमाने त्याच्या सख्ख्या बहिणीचं पाणी खाल्लं होतं.

*

"मला कुणी सांगेल का," फिलोमेना कुबडीने कुरणाकडे बोट दाखवल्यासारखं करत म्हणाली, "माझं गवत पिवळं आणि त्या आमान्दुसचं हिरवं का?"

"आई, काल सांगितलं ना," नोएमी म्हणाली.

"काल मी गोळ्यांच्या गुंगीत होते. आज परत सांग."

फिलोमेना ऐंशीला टेकली होती. मे महिन्यात गोठ्याच्या पायरीवरून घसरली, खुबा मोडला, आणि विस्पच्या दवाखान्यातून ती गुरुवारीच घरी आली होती. दर वर्षी या रविवारी पाटाच्या दहाही घरांचं जेवण तिच्या अंगणात व्हायचं, ते यंदाही तिने रद्द होऊ दिलं नव्हतं. आक्रोडाच्या झाडाखाली दोन लांब टेबलं होती. शेकोटीशेजारी चीजची अर्धी चाकी निखाऱ्याकडे तोंड करून वितळायला ठेवली होती. टेबलाच्या टोकाला, जिथे कुणी सहज बोलायला येणार नाही अशा जागी, सेव्हेरिन राय धान्याच्या काळ्या पावाचे तुकडे करत बसला होता. तुकडे अगदी सारखे होत होते.

"तुझ्या तीन पाळ्या चुकल्या," नोएमी म्हणाली. तिचा आवाज समजावणीचा होता. पण ती अंगठ्याचं नख कुरतडत होती, आणि ते ती सहाव्या वर्षापासून फक्त घाबरली की करायची. "पाळी लागल्यापासून अर्ध्या तासात त्या घराची चावी फळीपाशी लागली नाही, तर पाणी पुढच्या घराला जातं. असं तीनदा झालं की त्या घराचे थेंब सामाईक. आज दोन वाजता ते बाकीच्या नऊ घरांत वाटले जातील. आपोआप."

थेंब हे आता या दहा घरांचं चलनच होतं. ज्याचे जितके तास पाणी, तितके त्याच्या नावावर थेंब. नको असलेलं पाणी शेजाऱ्याला द्यायचं आणि बदल्यात कुणी बटाटे द्यायचं, कुणी दोन दिवस गवत कापून द्यायचं. याची नोंद एका कुठल्या कपाटात नव्हती. दहाही घरांत एकेक डबी होती आणि प्रत्येक डबीत सगळ्यांचा हिशेब. एकाने खोडाखोड केली तर उरलेल्या नऊ डब्या ती मानणार नाहीत. न्यायाधीश नाही, सरकारी साहेब नाही. झूगला नोएमीच्या ऑफिसात असल्या गोष्टींवर मोठे मोठे लोक भाषणं द्यायचे. इथे लोक दारं धरून गवत भिजवत होते.

"पण चावी तर माझ्याकडेच होती!" फिलोमेना म्हणाली.

"कुठे?"

"दवाखान्यात. उशीखाली."

"आई!"

"आई काय? तूच बजावलं होतंस. चावी आणि ती अडली तर उघडायचे ते बारा शब्द कुणाच्या हाती द्यायचे नाहीत, नवऱ्याच्यासुद्धा नाही. नवरा वारला, मग मी उशीला दिली."

टेबलावर हशा पिकला. सेव्हेरिनही हसला; पण त्याला आठवलं की जूनमध्ये तो तिच्या खाटेशेजारी दोन तास बसला होता, चावी मागायची म्हणूनच गेला होता, आणि शेवटी जर्दाळूंबद्दल बोलून परतला होता.

"मग आता तू बदल ते," फिलोमेना म्हणाली. "लिहिलंस तूच ना?"

"लिहिलं मी. पण ते माझं नाही आता. दहातल्या सात घरांनी कळ दाबली तरच कलम बदलतं. तुझी चावी सध्या बाद. राहिली नऊ."

"आणि त्यातून आमची तीन वगळली तर सहाच्या पुढे जाणार नाहीत," मागून आवाज आला. "तेवढं गणित मलाही येतं."

आमान्दुस विसेन आला होता. सेव्हेरिनचा चुलतभाऊ, त्याच्याच वयाचा. आडव्या अंगाचा, मिशी पांढरी, काखेत पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या. वरच्या अंगाची तीन घरं त्याची: एक त्याचं, दोन मुलांची. मागून त्याची बायको क्लोतिल्ड टोपली घेऊन आली, ती सरळ शेकोटीपाशी गेली आणि चीज खरवडायची सुरी तिने हातात घेतली. जेवणावळीत ते काम गेली चाळीस वर्षं तिचं होतं, घरांचं पटो न पटो.

आणि घरांचं पटत नव्हतंच. वरचे विसेन आणि खालचे विसेन एकाच आजोबांची नातवंडं. पण अठ्ठावन्न सालचा उन्हाळा मध्ये आडवा पडला होता. धरणाच्या कामावर सेव्हेरिनच्या वडिलांचा पाय चिरडला आणि ते जून ते सप्टेंबर अंथरुणावर होते. "त्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या भावाने या घरात डोकावूनही पाहिलं नाही," हे वाक्य सेव्हेरिनने लहानपणापासून जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की त्याशिवाय सूप बेचव लागावं. तो भाऊ म्हणजे गाब्रिएलकाका. आमान्दुसचा बाप.

"ये रे आमान्दुस, बस," फिलोमेना म्हणाली. "माझं पाणी पिऊन तजेलदार दिसतोयस."

"अजून प्यायलो नाही. दोनला पिईन."

"लाज नाही वाटत?"

"वाटली असती, मी काही चोरलं असतं तर. मी नुसता बसलोय, फिलोमेना. कायदा चालतोय." त्याने बाटली उघडली आणि पहिला पेला तिच्यापुढेच ठेवला. "दोन वर्षांपूर्वी मी हात वर केला तो का? नोएमीने सांगितलं म्हणून नाही. या गावात आजवर प्रत्येक कलमाला कुणाचा तरी मेहुणा आडवा यायचा. पाळी कुणाची? ज्याचा काका अध्यक्ष त्याची. म्हटलं, एक तरी कायदा असा हवा ज्याला नातेवाईक नाहीत. आता मिळालाय, तर तुम्ही त्याला आई शोधून देताय."

"आमान्दुसमामा, तुमचं बरोबर आहे," नोएमी म्हणाली.

"काय बरोबर आहे?" फिलोमेना कडाडली. "पोटची पोर आणि म्हणे बरोबर!"

"कायद्याला नातेवाईक नकोत हे बरोबर आहे, आई. पण दवाखान्यात पडलेल्या माणसाला आणि आळशी माणसाला तो एकच समजतो, हे चूक आहे. मला तेव्हाच ते खटकलं होतं. मी विचारलंही होतं…" ती थांबली. तिने सेव्हेरिनकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे त्याला कळलं, आणि त्याचा एक तुकडा जाड कापला गेला.

"अपवाद केला की संपलं," आमान्दुस म्हणाला. "आज तुझी आई. उद्या माझा धाकटा म्हणेल, कंबर धरली. तो बारा महिने कंबर धरूनच असतो."

"ते मात्र खरं," क्लोतिल्ड शेकोटीवरून म्हणाली. "पण ती तुमच्याकडून आली."

*

सहा घरं तरी आधी पक्की करू, असं ठरलं. पाच शेजाऱ्यांनी चाव्या खिशातून काढून टेबलावर ठेवल्या. अंगठ्याएवढ्या काळ्या वड्याच त्या. सहावं घर सेव्हेरिनचं: अंगणाएवढी बाग, आठवड्याला अर्धा तास पाणी. आपली चावी त्याने तंबाखूच्या डबीतून काढली. ती तो कधीच वापरत नव्हता; त्याच्या टोमॅटोंना तो झारीने पाणी घालायचा, कारण फळीपाशी चार माणसं भेटायची.

चावीचा आकडा टाका, नोएमी म्हणाली. त्याने टाकला. चूक. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा चावीवरचा दिवा लाल झाला.

"कुलूप पडलं. हरकत नाही," नोएमी म्हणाली. "बारा शब्द आहेत ना? त्याच ओळीने घातले की उघडेल."

सेव्हेरिनने पाकिटातून एक कागद काढला. सुंदर वळणदार अक्षर, समास आखलेला.

"आरसा," नोएमी वाचू लागली, "कंदील, घुबड, जिना, मीठ, शिंग… मामा, हे असे ओळीने कसे लागले?"

"मी लावले," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चावीने दिले तेव्हा अगदी कसेही होते. म्हटलं, सापडायला सोपं जावं. वर्णानुक्रमाने लावले."

टेबलावरची माणसं कागदावर वाकली. मग क्लोतिल्डला असं हसू फुटलं की सुरीवरचं वितळलेलं चीज निखाऱ्यात पडून चर्र झालं. "अहो भावजी! कुलपाची किल्ली तुम्ही घासूनपुसून सपाट केलीत!"

"मेल्या, तुला सरळ कर म्हणून कुणी सांगितलं होतं?" फिलोमेना म्हणाली, पण तिलाही हसू आवरेना.

"पहिलं कच्चं लिहिलेलं फेकलंत का?" नोएमीने हळूच विचारलं.

फेकलं, असं म्हणता आलं असतं. सेव्हेरिनने तोंडही उघडलं. आयुष्यात काहीच न फेकणाऱ्या माणसाला ते जमलं नाही. चावीच्या पडद्यावर शब्द दिसू लागले तेव्हा हाताशी जो कागद होता त्याच्याच पाठीवर त्याने ते घाईने उतरवले होते. हाताशी कोणता कागद होता, हे त्याला दोन वर्षं रोज आठवत होतं.

"घरी आहे," तो म्हणाला. "आणतो."

घर म्हणजे कुंपणापलीकडे चाळीस पावलं. शब्दकोश उघडायला त्याला काहीच वेळ लागला नाही. बंद करायला लागला. शब्द दुसऱ्या कागदावर उतरवून नेता येतील, हे त्याच्या ध्यानात आलं. पेन्सिलही समोर होती. खिडकीतून त्याला अंगण दिसत होतं: बहीण कुबडी उगारून कुणाला तरी टोमणा मारत होती आणि तिच्या मागचं कुरण, आईने चौदाव्या वर्षी तिच्या हातात फावडं देऊन जे भिजवायला शिकवलं ते कुरण, पायपुसण्यासारखं पिवळं पडलं होतं. आणखी एक नीटनेटकी प्रत, त्याच्या मनात आलं. पेन्सिल खाली ठेवून तो पत्र घेऊनच निघाला.

*

नोएमीने कागद घेतला, पाठीवरचे शब्द भराभर घातले, आणि चावीवर हिरवा दिवा लागला. "सहा!" असं ती ओरडणार होती. मग तिने कागद उलटला.

"हे माझंच पत्र आहे."

"हो," सेव्हेरिन म्हणाला.

"मला वाटलं होतं, मिळालंच नाही तुम्हाला."

"पोस्ट आपलं कधी चुकत नाही," तो म्हणाला, आणि आपण भलतंच बोललो हे त्याला कळलं.

"मोठ्याने वाच," फिलोमेना म्हणाली. नोएमीने वाचलं. 'त्यात आणखी काही होतं का' या वाक्यापाशी तिचा आवाज बारीक झाला. टेबलावरची माणसं सेव्हेरिनकडे पाहू लागली. चाळीस वर्षं तो पोरांना फळ्यापाशी उभं करून प्रश्न विचारत आला होता. आता फळ्यापाशी उभं राहायची पाळी त्याची होती.

तो उभा राहिला. का उभा राहिला, त्याला ठाऊक नव्हतं.

"आणखी दोन वाक्यं होती," तो म्हणाला. "समासात. ती मी गाळली. 'कोरी काठी टांगली असेल तर ते घर हजर समजावे. पाणी कोणी दिले हे विचारू नये.' पेन्सिलने लिहिली होती म्हणून गाळली. चूक माझी आहे. ताईचं पाणी माझ्यामुळे गेलं. नोएमीने विचारलं होतं, आणि मी… मला बरं उत्तर सुचत नव्हतं."

एवढं सलग तो सभेत कधी बोलला नव्हता. शेजाऱ्यांपैकी एकजण दाढी खाजवू लागला.

"वा!" आमान्दुस म्हणाला. तो रागावला नव्हता. पण त्याने पेला खाली ठेवला. "चिटणिसाला बहिणीच्या पाण्याच्या दिवशी कलम आठवलं. जुनी वही कुठे आहे? लगदा. सेव्हेरिन, तू खोटारडा नाहीस, हे मला माहीत आहे. पण उद्या मला विचारलं तर मी काय दाखवू? तुझं तोंड?"

"काठी दाखव," सेव्हेरिन म्हणाला.

"कोणती?"

पाटाच्या पाळ्या कागदावर येण्याआधी काठ्यांवर होत्या, हे त्या अंगणातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येक घराची एक चौकोनी काठी, तिच्यावर घराची खूण, खाली तासांच्या खाचा. सगळ्या एका दोरीत ओवलेल्या. वरच्या विसेनांची खूण बकरीचं पाऊल, खालच्यांची पायरी. वही आल्यावर काठ्या हौशी पाहुण्यांनी विकत नेल्या.

"दोरीत एक काठी बिनखुणेची होती," सेव्हेरिन म्हणाला. "तिला गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणून बाबांनी ती घरी आणली. ताई, तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी कशाने अडकवतेस?"

"काठीने."

"कसली आहे?"

"कसली म्हणजे? हिरवी. मीच रंगवली. झडपांना रंग दिला तेव्हा डब्यात उरला होता." तिचे डोळे बारीक झाले. "वरच्या टोकाला भोक आहे."

नोएमी धावत जाऊन ती घेऊन आली. आत खिडकी धाडकन आपटली. हातभर लांबीची काठी, चारी बाजूंनी हिरवीगार. आमान्दुसने ती घेतली, उलटसुलट केली. घराची खूण असायची त्या जागी काही नव्हतं. पण कडेला रंगाखाली काहीतरी खडबडीत लागत होतं. त्याने बायकोपुढे हात केला आणि क्लोतिल्डने त्यात चीजची सुरी ठेवली.

रंग पापुद्र्यांनी निघू लागला. आधी एक खाच दिसली. तिच्याशेजारी बारीक चिन्ह. मग दुसरी.

"या वेगवेगळ्या घरांच्या आहेत," शेजारी वाकून म्हणाला. "हा आमचा चंद्र. ज्याने आजाऱ्याच्या कुरणात पाणी सोडलं त्याने आपली खूण करायची, म्हणजे दोघं एकाच दिवशी जाणार नाहीत. आजा सांगायचा. मला वाटायचं, गोष्टच आहे."

आमान्दुस खालपर्यंत खरवडत गेला. शेवटच्या वीतभर जागेत वर्ष कोरलेलं होतं: ५८. त्याच्याखाली ओळीने चौदा खाचा होत्या. चौदाही खाचांशेजारी एकच खूण होती.

बकरीचं पाऊल.

शेकोटीतलं लाकूड तडकलं. आमान्दुसने खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पुन्हा मोजल्या.

"चौदा पाळ्या," तो म्हणाला. "आमचा म्हातारा घरात म्हणायचा, गुरं बघायला जातो. पहाटे तीनला. आई म्हणायची, तीनला कसली गुरं? त्यावरून भांडणं व्हायची त्यांची."

"आमच्याकडे आई म्हणायची, पाणी आपोआप येतं," फिलोमेना म्हणाली. तिचा आवाज आता खूप मऊ झाला होता. "मी चौदा वर्षांची. मला खरं वाटायचं. सेव्हेरिन, तुला आठवतं? आपल्याला वाटायचं, आपलं कुरण शहाणं आहे."

"आणि बाबा म्हणायचे, भावाने डोकावूनही पाहिलं नाही," सेव्हेरिन म्हणाला.

"डोकावला नाहीच तो," आमान्दुस म्हणाला. "डोकावायचं नव्हतं ना. विचारू नये म्हणजे सांगूही नये. जन्मभर लोकांचे टोमणे ऐकले, आणि मेला तोंड मिटून. काय माणूस होता! गाढव!" त्याने चष्मा काढून मिशी पुसली, पुसायचे डोळे होते. "नोएमी, वाजले किती?"

"दीड."

"तुझा संगणक हे शिकेल का? पाणी कुणी सोडलं ते कुणालाच दिसायचं नाही, पण कुणीतरी सोडलं हे खोटं पाडता येणार नाही, असं?"

नोएमीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "शिकेल! दहातल्या कुठल्यातरी घराने कळ दाबली एवढं सिद्ध होतं, कुठल्या ते नाही. आमच्याकडे यावर हुशार हुशार लोक वर्षानुवर्षं डोकं खपवतात. गणित फार अवघड आहे."

"म्हणजे माझ्या बापाला जे एका काठीवर जमलं ते झूगला आता जमलं," आमान्दुस म्हणाला. "लिही मग. पण शब्द सेव्हेरिन सांगेल. आणि ऐक रे, चिटणीस. या वेळी सुबक करायला जाऊ नकोस."

सेव्हेरिनने सांगितलं, नोएमीने टिपलं. यंदाच्या हंगामापासून लागू, एवढं पुढे जोडलं. कलम दहाही डब्यांत पोहोचलं. पाच शेजाऱ्यांनी कळा दाबल्या, सहावी सेव्हेरिनने. त्याचा अंगठा घामाने निसटला आणि पुन्हा दाबावी लागली. मग सगळे आमान्दुसकडे पाहू लागले.

"तुझ्या धाकट्याच्या कमरेचं काय?" फिलोमेनाला राहवलं नाही.

"त्याच्यासाठी काठी टांगायला कुणी जाईल असं वाटतं तुला?" आमान्दुस म्हणाला आणि त्याने कळ दाबली. "सात. नातेवाईक म्हणून नव्हे. पुरावा बघितला म्हणून."

"चौदा पाळ्यांचं गवत परत मागायचं तर माग," फिलोमेना म्हणाली.

"विचारू नये असं आत्ताच लिहिलंय ना? बस आता गप्प. क्लोतिल्ड, हिच्या ताटलीत चीज घाल."

मग दहातल्या कुठल्याशा घराने फिलोमेनासाठी कळ दाबून कोरी काठी टांगली, आणि कुणी ते कुणीच विचारलं नाही. दोनला दहा कमी असताना कुरणाच्या वरच्या कडेला मोटार घरघरली. फळी उचलली गेली. पाणी आधी दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं. मग वाळलेल्या गवतातून एक चमकती रेघ खाली येऊ लागली. फिलोमेनाने कुबडी टाकली, फावडं मागितलं, आणि दोघांनी दोन्ही खांद्यांना धरलं तेव्हा कुठे ती खुर्चीत राहिली.

*

पाचच्या पिवळ्या बसने नोएमी झूगला निघाली. थांब्यावर तिने मामाच्या हातातलं पाकीट पाहिलं.

"माझ्यासाठी? द्या की. इथेच वाचते."

"नाही," सेव्हेरिन म्हणाला. "तू तुझं पत्र पोस्टाने पाठवलं होतंस."

"मामा, मी समोर उभी आहे."

"समोर मला नीट बोलता येत नाही. तू घरी पोहोच, परवा मिळेल." त्याने पाकीट उलटसुलट केलं. "छोटंच आहे. आणखी काही होतं, एवढंच लिहिलंय. ते काय होतं ते. आणि शाई आवडली, असं."

"मसुदा कितवा?"

"पहिलाच. एक शब्द खोडलेला आहे. तसाच ठेवला."

तिने त्याला मिठी मारली. मिठीत हात कुठे ठेवायचे ते त्याला याही खेपेला समजलं नाही. बस वळणावर गेली तरी काचेतून तिचा हात हलत होता.

मग पोस्टाची पिवळी पेटी आणि तो, दोघंच उरले. पाकीट फटीत अर्धं गेलं आणि थांबलं. खोडलेला शब्द वाईट दिसेल का? 'प्रिय नोएमी' पुरेसं आहे का? दोन वर्षांच्या उशिराची माफी तिसऱ्या ओळीत मागितली आहे. ती पहिल्या ओळीत हवी होती का? तो तसाच उभा राहिला. वरून, बहिणीच्या अंगणातून, हसण्याचा मोठा कल्लोळ आला. त्यात आमान्दुसचाही आवाज होता.

सेव्हेरिनने बोटं सोडली. आत, रिकाम्या पेटीच्या तळाशी, पाकीट टप् करून पडलं.